गाडी घरच्या घरी उंच करण्याबाबत

१

विषय : धाकट्या भावाचा छोटा मालट्रक घरच्या अंगणात, घरच्याच माणसांनी उंच करण्याबाबत.

संदर्भ : खाणीवरच्या मुकादमाचा तोंडी दम.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर ट्रकचे पोट जमिनीच्या फार जवळ असून खाणीच्या वाटेवरील दगडांना ते घासते. सोमवारी गाडी उंच होऊन न आल्यास दगड वाहण्याचे काम दुसऱ्यास देण्यात येईल, असे मुकादमाने बजावले आहे. गॅरेजवाल्यास तूर्त सवड नाही. सबब काम घरीच करणे भाग आहे. आदेशार्थ सादर.

आदेश द्यायला वर कोणी नव्हतं. तेव्हा टिप्पणीकाका खुर्चीत जरा मागे रेलले, विचार केल्यासारखं केलं आणि स्वतःच 'मान्य' लिहून त्याखाली सही ठोकली. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपण नोकरीत, म्हणजे जिवंत, असल्यासारखं वाटलं.

पाणीपुरवठा कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना हे नाव गल्लीनं दिलं होतं. पातळ दुधाबद्दल त्यांनी दूधवाल्याकडे लेखी खुलासा मागितला, तेव्हापासून. नाव त्यांना पसंत नव्हतं. पण त्याबद्दल लेखी काहीच आलेलं नसल्यामुळे उत्तर देता येत नव्हतं.

ट्रक धाकट्याचा. धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहायचा, दादा-वहिनींकडे जेवायचा आणि ट्रकच्या फेऱ्यांवर जगायचा. अंगानं इतका किडकिडीत की गल्ली त्याला काडीपैलवान म्हणायची. घराची किल्ली हरवली की तो न्हाणीघराच्या झरोक्यातून आत शिरायचा आणि दार उघडून घरच्यांनाच म्हणायचा, "या, बसा, पाणी घेणार?" ट्रकचं नाव त्यानं बुटकी ठेवलं होतं. खाणीचं काम हातचं गेलं तर बुटकी विकावी लागणार होती, आणि बुटकी विकली तर धाकट्यानं करायचं काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

"दादा," फाईल चाळत धाकटा म्हणाला, "गाडी उचलायचीय. तिच्यावर खटला नाही भरायचा."

"योजनेशिवाय केलेलं काम म्हणजे..."

"म्हणजे झालेलं काम."

योजना मात्र चोख होती. मागचा एक्सल आणि त्यावरचे कमानपाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा ठेवायचा, लांब बोल्टांनी सगळं एकत्र आवळायचं. ठोकळ्याच्या जाडीइतकी गाडी वर. त्यासाठी आधी जॅकनं गाडीचा सांगाडा उचलायचा आणि मग त्याखाली घोड्या लावायच्या. घोडी म्हणजे गाडीचं वजन पेलणारी लोखंडी तिवई. जॅक दगा देतो, घोडी देत नाही. म्हणून काकांनी पहिलाच नियम तांबड्या शाईनं लिहिला होता: गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये.

"हे कोणाला सांगतोयस?" धाकट्यानं विचारलं.

"सर्व संबंधितांना."

"खाली जाणारा मी एकटा. साहेब काय, खुर्चीतून देखरेख करणार."

हा टोला काकांनी मुकाट्यानं गिळला, कारण खरं कारण त्याहून कडू होतं. त्यांना वाकता येत नव्हतं. निवृत्तीच्या थोडं आधी पडलेलं पेन उचलायला ते वाकले आणि तसेच राहिले; दोन शिपायांनी त्यांना दोन्ही बाजूंनी उचलून खुर्चीत परत ठेवलं, आणि सबंध कार्यालय त्या वेळी फार मन लावून काम करत होतं. तेव्हापासून सदऱ्याखाली कमरेचा पट्टा असे. तो फक्त बायकोला ठाऊक होता. आळशी साहेब म्हणवून घेणं त्यांना चालत होतं. भावानं कीव केलेली चालली नसती.

२

शनिवारी सकाळी अंगणात सगळी मांडामांड झाली. बुटकी कुंपणाच्या भिंतीला लागून उभी होती, इतकी लागून की पलीकडच्या फटीतून मांजरानंही श्वास रोखूनच जावं. पुढच्या चाकांना दगड लावले होते. ऊन लागू नये म्हणून धाकट्यानं ट्रकच्या मागच्या भागाभोवती ताडपत्री सोडली होती आणि तिच्या खालच्या काठावर विटा ठेवल्या होत्या. जॅकही त्यानंच आत लावला होता. त्याचा दांडा तेवढा ताडपत्रीतून बाहेर आला होता. एखाद्या तंबूतून कोणी हात बाहेर काढावा तसा.

काका अंघोळ उरकून बाहेर आले तेव्हा ताडपत्रीच्या काठाशी धाकट्याच्या रबरी चपला पडलेल्या होत्या. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. एक ठोका, मग उसंत, मग एक ठोका. काकांनी स्टूल ओढलं, त्यावर ताठ बसले आणि दांडा हातात घेतला.

"आलास?" आतून आवाज आला.

"आलो. कामाची सद्यस्थिती?"

"थोडी वर घे."

काकांनी दांडा मारायला सुरुवात केली. जॅकनं कण्हत कण्हत गाडी वर घेतली. हे काम बसल्या जागी होत होतं आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसत होता. कार्यालयात असं कधी झालं नव्हतं.

"अजून थोडी."

नियम क्रमांक एक त्यांच्या मनात येऊन गेला. गाडी नुसत्या जॅकवर होती आणि संबंधित इसम खाली होता. पण ज्याच्यासाठी नियम केला तोच 'वर घे' म्हणतो, तेव्हा नियमानं जरा बाजूला उभं राहावं, असा कार्यालयाचा शिरस्ता होता. त्यांनी दांडा मारला.

"मुकादम सोमवारी स्वतः मोजणार का रे उंची?" त्यांनी बोलायचं म्हणून विचारलं.

आतून एक ठोका.

एरवी धाकटा काम करताना नाकातून बेसूर गुणगुणत असे आणि मध्येच टोमणा मारत असे. आज दोन्ही नव्हतं. आज स्वारीचं कामात लक्ष आहे, असं काकांना वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

"अजून थोडी," आवाज म्हणाला. "मला कूस वळवता येत नाही."

काकांचा हात दांड्यावर थांबला. झरोक्यातून पाण्यासारखा घरात शिरणारा माणूस. त्याला कूस वळवायला एवढी जागा? पण प्रश्न पुरता उभा राहायच्या आत हातानं दांडा दाबलाही होता.

"घोडी सरकवली. तुझ्या बाजूची नीट बसली का? पाहिलंस?"

पाहायचं म्हणजे वाकायचं. काकांनी ताडपत्रीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"पाहिलं," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडातून आपोआप येत असे. कागद खालून वर जायचा आणि प्रत्येक टेबलावर त्याच्यावर 'पाहिले' असं लिहून सही व्हायची. खालच्यानं पाहिलंच असेल म्हणून वरचा पाहत नसे, आणि वरचा पाहीलच म्हणून खालचा पाहत नसे. अशा रीतीनं एकदा एक सबंध पाण्याची टाकी बांधून, तपासून, रंगवून झाली होती. फक्त जागेवर नव्हती. त्या कागदावर काकांचंही 'पाहिले' होतं, वळणदार अक्षरात.

"अजून थोडी," आवाज म्हणाला. आता तो जरा जवळून आल्यासारखा वाटला.

तेवढ्यात फाटक करकरलं आणि धाकटा आत आला.

३

त्याच्या हातात बोल्टांची पिशवी होती आणि पायात काकांच्या चामडी चपला.

"तुझ्या घालून गेलो रे," तो म्हणाला. "माझ्या त्या ताडपत्रीत अडकल्या. दुकानदार कुठे गावाला बोंब मारायला गेला होता, तासभर पायरीवर बसवलं मला."

काकांची नजर ताडपत्रीकडे गेली. त्यांचा हात अजून दांड्यावर होता.

"आणि हे काय!" धाकटा ट्रककडे पाहत राहिला. "एवढी उचललीस? एकट्यानं?" तो खरोखरच थक्क झाला होता. "वहिनी! अहो वहिनी, बाहेर या. साहेबांनी काम केलंय. पंचांग बघा, कोणता दिवस आहे."

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी ट्रकची उंची पाहिली, नवऱ्याचा घामेजलेला सदरा पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काकांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं भाऊजी आहेत आत," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही एकटेच बडबडत होता होय? 'आलो' काय, 'पाहिलं' काय."

"एकटाच?" काकांनी विचारलं. "दुसरं कोणी बोललेलं ऐकलं नाहीस?"

"दुसरं कोण बोलणार? ट्रक?"

धाकटा खो खो हसला. काकाही हसले.

त्या हसण्याच्या आड त्यांची बुद्धी भराभर टेबलं फिरत होती. शेजारचा रेडिओ असेल. पण रेडिओ 'आलास?' म्हणून थांबत नाही. कान असतील; या वयात कानात काहीबाही वाजतं. पण कानात वाजणारं घोडी नीट बसली का असं विचारत नाही. मग आपलंच मन असेल. काम करताना भाऊ काय म्हणेल ते आपण मनाशी म्हटलं असेल. ही शक्यता त्यांना सगळ्यांत सोयीची वाटली. तिच्यावर ते 'मान्य' लिहिणार, इतक्यात त्यांना आठवलं की मनातल्या भावानं टोमणे मारले असते.

ताडपत्री हलत नव्हती. आत ठोकाही नव्हता.

सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? तुझ्या आवाजात कोणीतरी मला हुकूम सोडत होतं आणि मी हेडक्लार्क माणूस, न पाहता ते पाळत होतो? मग 'न पाहता' का, हा पुढचा प्रश्न. मग पट्टा. मग ते पेन आणि ते दोन शिपाई. शिवाय बायको अजून दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते अजून मावळलं नव्हतं.

"त्यात काय," काका म्हणाले. "दांडा नीट लयीत मारला की झालं."

"मानलं दादा," धाकटा म्हणाला. त्यानं सदरा काढून फाटकावर टाकला, पाने घेतले, ताडपत्रीचा काठ उचलला आणि आत जाता जाता मागे वळला. "घोडी नीट बसली का? पाहिलंस?"

अगदी तेच शब्द. त्याच क्रमानं.

आता तरी थांबवायला हवं होतं. काकांच्या ओठांवर 'थांब' आलंही होतं. पण त्यामागोमाग 'का?' येणार होतं, आणि त्याचं उत्तर दारात उभ्या असलेल्या काकूंपुढे द्यावं लागणार होतं.

"पाहिलं," काका म्हणाले.

धाकटा ताडपत्रीखाली शिरला.

४

पहिल्यांदा सगळं ठीक होतं. गुणगुणणं सुरू झालं, नेहमीसारखं नाकातलं, बेसूर. नट सुटल्याचा कर्रर्र आवाज आला. "एकोणीसचा दे," आतून फर्मान आलं, आणि ताडपत्रीखालून धाकट्याचा हात बाहेर आला. दोन बोटं चुटकीसारखी वाजत राहिली, लवकर दे, लवकर दे. पाना घ्यायची ही त्याची लहानपणापासूनची तऱ्हा. काकांनी त्या हातावर पाना ठेवला आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की क्षणभर डोळे भरून आले. उगीच. आपण म्हातारे झालो, एवढंच.

काकू आत स्वयंपाकाला गेल्या. ऊन भिंतीवरून सरकलं.

"दादा," आतून धाकटा म्हणाला. "अरे, ही घोडी तर..."

आणि थांबला.

गुणगुणणं थांबलं. पाना थांबला. काका स्टुलावर तसेच बसून राहिले. "घोडीचं काय?" त्यांनी विचारलं. आपला आवाज आपल्याला नीट ऐकू आला याचीही त्यांनी नोंद घेतली.

मग आतून आवाज आला, धाकट्याचाच.

"बसली आहे. नीट आहे."

"मग 'तर' काय म्हणालास?"

एक ठोका. उसंत. एक ठोका.

"थोडी वर घे," आवाज म्हणाला.

"नाही," काका म्हणाले. त्यांनी दांडा सोडून हात मांडीवर घेतले. "आता पुरे. तू बाहेर ये. राहिलेलं जेवणानंतर करू."

"बरं," आवाज म्हणाला.

धाकटा कधी 'बरं' म्हणत नसे. सांगितलेलं करायचं असलं तरी आधी दोन वाक्यं वाद घालून मगच करायचा. काका ताडपत्रीच्या काठाकडे पाहत राहिले, तो कधी उचलला जातो म्हणून. काठ उचलला गेला नाही. पलीकडे भिंतीच्या बाजूला, जिथून मांजरही कष्टानं जावं, काहीतरी बराच वेळ घासत गेल्यासारखं झालं. मग घराच्या मागच्या बाजूला नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

काका उठून कोपऱ्यापर्यंत गेले. नळाशी धाकटा उभा होता. हात धूत होता.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं," धाकटा म्हणाला आणि हसला. "सगळं बसलं. गाडी उतरवायला हरकत नाही."

त्यानं हात झटकले आणि पुसायला पुढे केले. हात स्वच्छ होते. कोपरापासून नखांपर्यंत. नखांच्या कडांनासुद्धा काळं नव्हतं. धाकट्याचे हात एवढे स्वच्छ काकांनी तो शाळेत जात असतानाही पाहिले नव्हते.

"आज काय सूर्य पश्चिमेला उगवला," पानावर बसताना काकू म्हणाल्या. "भाऊजी न सांगता हात धुऊन आले. एरवी माझा टॉवेल म्हणजे यांच्या गाडीचं फडकं."

"चुकलंच माझं, वहिनी," धाकटा म्हणाला.

काकूंनी वाढता वाढता कौतुकानं मान डोलावली. काकांचा घास हातातच राहिला.

५

चष्मा बाहेर राहिलाय असं सांगून ते उठले. खोटं नव्हतं, चष्मा स्टुलावरच होता.

अंगणात कडक ऊन पडलं होतं. गल्ली जेवत होती, सगळीकडून भांड्यांचे आवाज येत होते. काकांनी चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, आणि तेव्हा त्यांना ते ऐकू आलं. ताडपत्रीच्या आतून कोणी तरी गुणगुणत होतं. नाकातून. बेसूर. दम लागल्यासारखं, मध्ये मध्ये तुटत, पण तीच चाल, आणि वरच्या सुराला नेमका तसाच घसरत.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तिच्यातून पानावर बसलेला धाकटा दिसत होता. पाठ ताठ, घास लहान, तोंड मिटून चावत होता.

काका वाकू शकत नव्हते. पण कामाला अडथळा नको म्हणून ट्रकचा बाजूचा आरसा दांड्यासकट काढून ठेवलेला होता. तो त्यांनी उचलला. एका हातानं ट्रकच्या फळीला धरलं, पायाच्या बोटानं एक वीट सरकवली, आणि ताठ उभ्या उभ्या आरशाचा दांडा खाली सोडून त्यांनी तो ताडपत्रीच्या काठाखाली सारला.

आधी नुसता अंधार दिसला. मग एक्सल, त्यावर बसवलेला ठोकळा. मग घोडी. ती बसलेली नव्हती. आडवी पडलेली होती, पाय वर करून. मागचा सगळा भार नुसत्या जॅकवर होता. काकांनी दोनदा 'पाहिलं' म्हटलेली घोडी ती.

मग आरशाच्या कडेला हात आला. मनगटापर्यंत ग्रीसनं काळा. तळवा उघडा. दोन बोटं चुटकीसारखी वाजायला लागली. लवकर दे, लवकर दे.

"दादा," आवाज फार क्षीण होता. "एकोणीसचा."

एकोणीसचा पाना ताडपत्रीच्या काठाशीच पडला होता, पायाच्या अंतरावर.

हाक मारायला हवी होती. शेजाऱ्यांना बोलवायला हवं होतं, ताडपत्री फाडायला हवी होती, पट्टा तुटला तरी गुडघ्यावर पडून तो हात धरायला हवा होता. आणि धरल्यावर तो दुसऱ्याच कोणाचा निघाला तर? आणि हाच भावाचा असला, तर आत पानावर बसून जेवतंय त्याला काय म्हणायचं? बायको त्याच्यासमोर एकटी बसली होती. हे सगळं काकांच्या मनात आलं. फार लवकर आलं, आणि फार नीटनेटकं आलं. नामंजुरीची कारणं त्यांना नेहमीच अशी सुचत.

त्यांनी आरसा बाहेर घेतला आणि स्टुलावर पालथा ठेवला. वीट पायानं जागेवर सरकवली. नळावर जाऊन हात धुतले, काही धरलेलं नसताना.

आणि ते आत जाऊन जेवायला बसले.

"सापडला?" धाकट्यानं विचारलं.

"काय?"

"चष्मा."

"सापडला," काका म्हणाले.

धाकट्यानं मान हलवली आणि पुन्हा लहान घास घेतला.

६

गाडी त्यांनी उतरवू दिली नाही.

सोमवारी मुकादमाचा माणूस येऊन गेला. काकांनी त्याला फाटकातच सांगितलं की काम अपूर्ण आहे, तपासणी व्हायची आहे. तो माणूस ताडपत्रीतल्या उंच ट्रककडे आणि स्वच्छ सदऱ्यातल्या धाकट्याकडे पाहून म्हणाला, "उंच तर झालीय की." धाकट्यानं नुसती मान डोलावली. खाणीचं काम दुसऱ्याला गेलं.

"अहो, त्याच्या तोंडचा घास काढलात तुम्ही," काकू म्हणाल्या. "सख्ख्या भावाच्या. कशापायी?"

काकांनी सुरक्षिततेबद्दल काही तरी सांगितलं. ते सांगताना बायकोकडे पाहवलं नाही.

"मीच वाकून बघते काय आहे ते," असं म्हणत एकदा त्या झाडू टाकून ताडपत्रीकडे निघाल्या, तेव्हा काका लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. गल्लीनं ऐकलं. त्यानंतर त्या अंगणाचा तेवढा तुकडा झाडायचा सोडून देतात.

धाकटा मागच्या खोलीतच असतो. चांगला वागतो. काकू म्हणतात, काम गेल्यापासून भाऊजी किती शहाणे झाले, आणि असं म्हणताना आताशा त्यांचा आवाज जरा खाली येतो, का ते त्या सांगत नाहीत. तो गाडीकडे फिरकत नाही. दोरीवरचे कपडे आणायचे असले तरी लांबून वळसा घेतो. पण रोज संध्याकाळी चहा झाला की अदबीनं विचारतो, "गाडी उतरवायची का?"

"नाही," काका म्हणतात.

"बरं," तो म्हणतो.

या प्रश्नाला दोनच बाजू आहेत, आणि कोणत्याही बाजूनं कागद धरला तरी काकांना तोंड लपवावंसं वाटतं. चहाच्या पलीकडे बसतो तो भाऊ असेल, तर एका म्हाताऱ्याच्या भासापायी त्याची रोजीरोटी गेली. नसेल, तर भाऊ कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्या दिवशी त्याला तिथे ठेवून ते पोटभर जेवले हेही.

जॅक झिरपतो. हळूहळू तेल सोडतो, आणि गाडी केसाकेसानं खाली बसत जाते. म्हणून काका रोज सकाळ-दुपार स्टुलावर बसून दांडा मारतात. गल्लीला वाटतं, काकांचं डोकं फिरलं. मुलं फाटकाबाहेरून 'अजून थोडी, काका' असं ओरडून पळतात. ती आपल्या मनानं ओरडतात की आतून ऐकून, हे काकांनी अजून कोणाला विचारलेलं नाही. ताडपत्रीच्या काठाशी ते पाण्याचा पेला ठेवतात. संध्याकाळी तो रिकामा असतो. ऊन फार असतं आणि मांजरं आहेत. एकदा पेल्याच्या कडेला ग्रीस होतं, पण त्या अंगणात ग्रीस कुठे नाही?

गुणगुणणं हल्ली कमी ऐकू येतं.

परिवहन कार्यालयाकडे त्यांनी अर्ज केला आहे. सदर वाहनाची खालची बाजू सक्षम अधिकाऱ्यानं जागेवर येऊन, स्वतः वाकून, प्रत्यक्ष पाहावी, अशी विनंती आहे. 'प्रत्यक्ष' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली आहे. खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि तोंडी सांगितलं, "काका, तपासणी इथे होते. गाडी घेऊन या."

"उतरवल्याशिवाय आणता येत नाही," काका म्हणाले. "आणि तपासल्याशिवाय उतरवता येत नाही."

"मग आधी उतरवा, काका. खाली कोणी झोपलंय का?" कारकून हसला.

रांगेत मागे उभे असलेले लोकही हसले. काका हसले नाहीत. त्यांनी खिडकीची चौकट धरून ठेवली होती. कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा अर्जाकडे, आणि त्यावर आवक शिक्का मारून तो डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवला.

त्यानंतर काका दोन स्मरणपत्रं पाठवून चुकले आहेत. कार्यालयातून आलेल्या उत्तरात कळवलं आहे की, जागेवर जाऊन पाहणी करण्याबाबतचा प्रस्ताव वरिष्ठांकडे सादर केला असून आदेश प्राप्त होताच कळविण्यात येईल. अर्ज विचाराधीन आहे.